लायटर सॉकेटवरचा इन्व्हर्टर आणि बॅटरीवरचा इन्व्हर्टर

गाडीत वापरायचे इन्व्हर्टर दुकानात एकाच फळीवर मांडलेले असतात: १५० वॉटचा मुठीत मावणारा, ३०० वॉटचा थोडा लांबट आणि १००० वॉटचा, मागे पंखा बसवलेला. तिघांचेही काम गाडीच्या १२ व्होल्ट डीसीचे घरच्यासारखे २३० व्होल्ट एसी करणे हेच असल्यामुळे गिऱ्हाईक खिशाला परवडेल तेवढा मोठा आकडा उचलते. परंतु लायटर सॉकेटमध्ये, म्हणजे डॅशबोर्डवरच्या सिगारेट लायटरच्या खाचेत, खुपसायचा इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या टर्मिनलला जोडायचा इन्व्हर्टर यांचे वापरायचे नियम वेगळे आहेत. त्यातही घोटाळा असा की ३०० वॉटच्या आसपासच्या अनेक इन्व्हर्टरांसोबत लायटरची पिन आणि बॅटरीचे चिमटे अशा दोन्ही जोडण्या मिळतात. डबा तोच राहतो, पण पिन लावली की त्याची खरी ताकद निम्म्यावर येते.

याचे कारण अँपिअरमध्ये आहे. १००० वॉटच्या उपकरणाला घरच्या २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह लागतो. तेच काम १२ व्होल्टवर करायचे तर ८३ अँपिअर लागतात आणि इन्व्हर्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धरली तर हा आकडा ९० ते १०० पर्यंत जातो. म्हणून एसीच्या बाजूची वायर साधी असली तरी चालते, डीसीच्या बाजूला मात्र हयगय चालत नाही.

लायटर सॉकेटचे झाकण उघडून आतल्या बाजूला पाहिल्यास बहुतेक गाड्यांत ‘१२ व्होल्ट १२० वॉट’ असे छापलेले आढळते. ही मर्यादा सॉकेटपर्यंत आलेल्या बारीक वायरीची आणि खुद्द सॉकेटच्या रचनेची असते. पिनच्या टोकाचे बटण आणि बाजूच्या दोन पत्र्याच्या स्प्रिंगा केवळ दाबाने टेकलेल्या असतात. गाडी खड्ड्यातून गेली की पिन हलते, संपर्क सैल होतो आणि जास्त प्रवाह चालू असेल तर नेमकी तीच जागा तापते. पिन काढताना ती हाताला चटका देत असेल किंवा तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक पिवळसर पडून वाकले असेल, तर त्या सॉकेटवर पुन्हा लोड देऊ नये. लॅपटॉपचा चार्जर, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, एखादा लहान दिवा एवढ्यासाठी हे सॉकेट उत्तम आहे. इलेक्ट्रिक किटली किंवा हेअर ड्रायर यांचा विचारही करू नये.

लोड जास्त झाला की सॉकेटचा फ्यूज उडतो, आणि पुढची चूक बहुधा तेव्हाच होते. फ्यूज बॉक्समधला १५ अँपिअरचा निळा फ्यूज किंवा २० चा पिवळा फ्यूज जाऊन त्याच्या जागी ३० चा हिरवा बसवला जातो, कारण तो खाचेत बरोबर बसतो. फ्यूज असतो तो वायरीला वाचवण्यासाठी. हिरवा फ्यूज लावला की आता डॅशबोर्डमागची वायर जळेल, पण फ्यूज उडणार नाही. असा ‘जुगाड’ करून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे पुन्हा गाडी नेऊ नये.

बॅटरीवर थेट जोडायच्या इन्व्हर्टरला सॉकेटची ही मर्यादा नसते, पण गाडीने बसवलेला फ्यूजही त्याच्या वाट्याला येत नाही. बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. बॉनेटखालून आत आणलेली वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली, तर त्या प्रवाहाला थांबवणारे मध्ये काहीच नसते. म्हणून पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, इन्व्हर्टरच्या क्षमतेनुसार फ्यूज हवाच, आणि वायर पत्र्यातून जाते त्या भोकात रबरी बुश हवा. १००० वॉटसाठी तांब्याची किमान २५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी आणि तिची लांबी शक्य तितकी कमी ठेवावी. सोबत मिळणारे चिमटे थोड्या वेळापुरतेच, तेही गाडी उभी असताना वापरावेत. कायमच्या जोडणीला वायरीच्या टोकावर लग (भोक असलेली धातूची टोपी) दाबून बोल्टने आवळावे. जोडताना इन्व्हर्टर बंद असावा, आधी पॉझिटिव्ह आणि मग निगेटिव्ह जोडावे. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच बॅटरीचा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. अशा वेळी निगेटिव्ह वायर टर्मिनलला न लावता कंपनीने दिलेल्या बॉडी अर्थच्या (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या) बोल्टला लावावी.

डब्यावरचा मोठा आकडा कित्येकदा क्षणिक क्षमतेचा असतो. मिक्सरसारखी मोटर सुरू होताना नेहमीच्या कैकपट वीज ओढते आणि त्या क्षणापुरती ही क्षमता उपयोगी पडते, परंतु हिशेब सतत मिळणाऱ्या वॉटचाच करावा. स्वस्त इन्व्हर्टरांची लहर शुद्ध साइन, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत चढउताराची, नसते. चार्जरला त्याचा सहसा त्रास होत नाही, मोटर मात्र गुणगुणते आणि तापते. नेब्युलायझर किंवा झोपेत श्वासासाठी लावायचे यंत्र चालवायचे असेल तर शुद्ध साइन लहरीचाच इन्व्हर्टर घ्यावा आणि यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले वॉट आधी पाहावेत.

बॅटरी उतरण्याचा धोका दोन्हींत आहे. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि ती सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास लोड ओढण्यासाठी नव्हे. १०० वॉटचा लोड तिच्यातून सुमारे १० अँपिअर खेचतो, म्हणजे इंजिन बंद ठेवून दोन तासांत बॅटरी निम्म्यावर येते. बॅटरी उतरल्याचा इशारा देणारी इन्व्हर्टरची शिट्टी सहसा १०.५ व्होल्टच्या आसपास वाजते. तोवर सेल्फ लागण्याइतका दम उरलेला असेलच असे नाही. त्यावर उपाय म्हणून इंजिन चालू ठेवावे, पण बंद गॅरेजमध्ये किंवा गाडीत कोणी झोपले असताना ते कदापि ठेवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय आयडलिंगला (गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना) अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र, पूर्ण क्षमतेने वीज देत नाही, त्यामुळे मोठा लोड तेव्हाही बॅटरीतूनच जातो.

इन्व्हर्टर सीटखाली कपड्यांत गुंडाळून किंवा उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नये. त्याच्यातून बाहेर पडणारे २३० व्होल्ट घरातल्याइतकेच जिवावर बेतणारे असतात, त्यामुळे पावसात ओल्या हाताने प्लग लावू नये.

ट्रकवाल्यांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. तेथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मोटारीचा १२ व्होल्टचा इन्व्हर्टर त्यावर लावला तर तो जळतो, आणि ते टाळायला दोनपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेतली तर एक बॅटरी सतत उपाशी व दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्ही अकाली खराब होतात. तेथे २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्यावा लागतो.