आजींना वात झाला होता की म्हातारचळ?

मागच्या एप्रिलात आमच्या शेजारच्या आजी रात्री दोनला उठून विड्या वळायचं सूप शोधायला लागल्या. विड्या सोडून त्यांना बारा वर्षं झालेली. मुलाला त्या 'अण्णा' म्हणून हाक मारत होत्या. अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, कधीचाच वारलेला. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, तेलुगू-मराठी मिसळून बोलणारं, पण त्या रात्री एकाही भाषेतलं वाक्य धड पुरं होईना. सकाळी गल्लीनं निकाल देऊन टाकला, "म्हातारचळ लागलाय. वय झालं की होतंयच."

याच आजींनी आदल्या संध्याकाळी मला शेंगाचटणीत लसूण कमी पडल्याचं ऐकवलं होतं. म्हातारचळ असा एका रात्रीत लागत नाही.

तापात बरळणाऱ्याला आपल्याकडे 'वात झालाय' म्हणायचे. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. म्हातारचळ म्हणून आपण जे उडवून लावतो, तो बऱ्याचदा स्मृतिभ्रंश असतो, म्हणजे डिमेन्शिया. तो महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. सुरुवातीच्या काळात माणूस नीट जागा असतो, तुमचं लक्ष देऊन ऐकतो, पण ऐकलेलं राहत नाही. वातात मुळात लक्षच ठरत नाही. आजींना वार उलटे म्हणायला सांगितले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... आणि त्या पंख्याकडे बघत बसल्या. दुपारी तासभर अगदी शहाण्यासारख्या बोलल्या, तिन्हीसांजेला पुन्हा सूप. असा चढउतार ही वाताची मोठी खूण. (लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशातही तो दिसतो, त्यामुळे घरच्या घरी पैज लावू नये.) वात झालेला प्रत्येक जण आरडाओरडा करतो असंही नाही. काही नुसतेच गप्प पडून राहतात, आणि घरचे म्हणतात, बरं झालं, झोप लागली.

आजींच्या लघवीत जंतुसंसर्ग निघाला. उन्हाळा, त्यात पाणी पिणं कमी. ताप मात्र नव्हता. म्हातारपणी तो पुष्कळदा येतच नाही.

पण जंतू मूत्राशयात, मग बिघाड डोक्यात कसा? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले कॉलम कनिंगहॅम यांचं संशोधन याच प्रश्नाभोवतीचं. मेंदूचा ऱ्हास सुरू झालेल्या आणि निरोगी, अशा दोन्ही प्रकारच्या उंदरांना त्यांनी जिवाणूंच्या आवरणातला एक घटक टोचला. जिवंत जंतू एकही नाही. निरोगी उंदीर थोडे मलूल झाले आणि सावरले. ऱ्हास झालेल्यांची तात्पुरती स्मरणशक्ती ढासळली, मूळ आजारही पुढे वेगानं वाढला. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांना हे नाव दिलं. ऱ्हास होत असलेल्या मेंदूत त्या आधीच चिडून बसलेल्या असतात. अंगात कुठेही दाह उठला, की त्याचा निरोप रक्तावाटे पोचतो आणि त्या इंटरल्यूकिन-1 सारखी रसायनं भसाभस सोडतात. याला 'मेंदूला सूज' म्हणतात खरं, पण मेंदू फुगतोच असं नाही.

माणसांत काय दिसतं? साउदम्प्टनच्या क्लाइव्ह होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अल्झायमरच्या 300 रुग्णांवरचा अभ्यास छापला. सहा महिन्यांत ज्यांना मध्येच संसर्ग किंवा तसला दाह झाला, त्यांची बुद्धी दुप्पट वेगानं घसरलेली होती. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण उंदरांच्या गोष्टीशी ते जुळतं. म्हणजे आजार दोन असले तरी एकमेकांच्या घरचा रस्ता त्यांना ठाऊक आहे. स्मृतिभ्रंश असलेल्याला वात लवकर होतो, आणि म्हातारपणी वात होऊन गेलेल्याला पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त.

औषध लागू पडल्यावर पाचव्या दिवशी अण्णांचं नाव थांबलं. आजी आता वार उलटे खडाखडा म्हणून दाखवतात. चटणीत मीठ घातलं का, हे मात्र हल्ली दोनदा विचारतात.