शंभरचा स्टॅम्प पाचशेचा कसा झाला? कायदा, अध्यादेश, अधिसूचना आणि जीआर (शासन निर्णय) ओळखण्यासाठी

नमस्कार.

दस्त, भाडेकरार, परवाने यांच्या कामासाठी आपण आमच्याकडे येता, तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य एकच असतं: "सरकारनं नवीन कायदा काढलाय म्हणे." मग मोबाईलवरचा फोटो पुढे येतो. त्यात कधी खरोखरच कायदा असतो, कधी अध्यादेश, कधी नुसतं परिपत्रक, तर कधी सभागृहात अजून मंजूरही न झालेलं विधेयक. प्रत्येकाचं वजन वेगळं. पैसे भरण्याआधी आणि सही करण्याआधी हा फरक आपल्याला कळावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा स्टॅम्प पेपरच घ्या. प्रतिज्ञापत्र आणि साधे करारनामे शंभरच्या स्टॅम्पवर होत असत. २०२४ चा दसरा झाला आणि चारच दिवसांनी, १६ ऑक्टोबरपासून, तिथे पाचशे रुपये लागू लागले. विधिमंडळाचं अधिवेशन तेव्हा चालू नव्हतं. अशा वेळी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल राज्यघटनेच्या कलम २१३ खाली अध्यादेश काढू शकतात, आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ मध्ये तसाच बदल झाला. अध्यादेश कायद्याइतकाच पाळावा लागतो. मात्र पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा आला नाही, तर तो आपोआप संपतो.

आता हाच स्टॅम्प जरा जवळून पाहा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत: केंद्र सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. मुद्रांक शुल्क या तिन्हींत विभागलेलं आहे. वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट), हुंडी, विमा पॉलिसी यांच्यावरचे दर संसद ठरवते (केंद्र सूची, नोंद ९१). बाकीच्या दस्तांचे दर राज्य ठरवतं (राज्य सूची, नोंद ६३). दर सोडून मुद्रांकाचे इतर नियम समवर्ती सूचीत येतात (नोंद ४४), म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो. म्हणूनच वचनचिठ्ठीचा दर आपल्या कागलला आणि कर्नाटकातल्या निपाणीला एकच, आणि खरेदीखताचा मात्र नाका ओलांडला की वेगळा. निपाणीच्या पाहुण्यांनी सांगितलेला दर धरून कोल्हापुरातल्या प्लॉटचा हिशोब कृपया करू नका.

समवर्ती विषयात केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना छेद देत असतील तर केंद्राचा चालतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो. पुढे संसद तोही बदलू शकते (कलम २५४). जीएसटीची गोष्ट निराळी. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने कलम २४६क आलं आणि संसद व राज्य दोघांनाही या करासाठी कायदा करण्याचा अधिकार मिळाला. आपल्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) हे दोन आकडे दिसतात ते दोन वेगळ्या कायद्यांचे.

विधेयक विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांतून जातं (धन विधेयक फक्त विधानसभेतच मांडता येतं), मग राज्यपालांची संमती, मग राजपत्रात प्रसिद्धी. राजपत्राचं मोल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तो हुकूमही करवीर (कोल्हापूर) सरकारच्या गॅझेटमध्ये, म्हणजे राजपत्रात, छापला गेला होता. तेव्हा छत्रपतींचा हुकूम हाच कायदा होता. आज मंत्र्याने सभेत केलेली घोषणा म्हणजे कायदा नव्हे, हे लक्षात असू द्या.

राजपत्रात छापला म्हणजे लगेच लागू झाला, असंही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या नावात १९९९ आहे, पण तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून. याच कायद्याचं कलम ५५ घरमालकांनी जरूर वाचावं. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. "ओळखीचाच माणूस आहे, कशाला नोंदणी?" असं म्हणून पुढे मनस्ताप झालेले लोक आम्ही पाहतो, आणि वाईट वाटतं.

कायद्याच्या खाली येतात नियम आणि अधिसूचना. त्या कायद्यानेच दिलेल्या अधिकारातून निघतात आणि त्यांना त्याची मर्यादा ओलांडता येत नाही. मुद्रांक कायद्याच्या कलम ९ ने शासनाला शुल्क कमी किंवा माफ करण्याचा अधिकार दिला आहे. त्यातूनच २००४ साली जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढण्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं शुल्क माफ झालं. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत या कामासाठी कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावला, तर आधी आम्हाला फोन करा. त्या पैशात पोराची वह्या-पुस्तकं येतात.

जीआर आणि परिपत्रक त्याहून खाली. प्रशासनाला त्यांनी दिशा मिळते, पण त्यांना कायदा बदलता येत नाही आणि नुसत्या जीआरने नवा कर बसत नाही; कलम २६५ प्रमाणे कराला कायद्याचाच आधार लागतो. विधिमंडळालाही सीमा आहेतच. मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो (कलम १३), आणि केलं तेव्हा जे गुन्हा नव्हतं, त्याची शिक्षा मागाहून कायदा करून देता येत नाही (कलम २०). असा आक्षेप उच्च न्यायालयात नेता येतो. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरातच सुरू झालं आहे. तिथल्या कामासाठी मात्र वकीलच लागतील, आम्ही कागद जुळवून देऊ.

आमच्याकडे येताना मोबाईलवरच्या फोटोतलं पहिलं पान पूर्ण दिसेल असं आणा. त्यावरचं खात्याचं नाव, क्रमांक, तारीख आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो कागद निघाला ती ओळ, एवढं मिळालं की आपल्यासमोर बसूनच तपासून सांगू. या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.