आकडा नंतर, आधी गळती कुठली ते पाहा

दुकानांच्या संकुलावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की कमिटीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : "अर्थ लीकेजचा ब्रेकर ३० चा लावायचा की १०० चा?" हा ब्रेकर म्हणजे प्रवाह जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा, आणि आकडा मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाचा. वायरमन म्हणतो ३० चा, तो जास्त सेफ. सोलरवाला म्हणतो १०० चा, नाहीतर रोज गच्चीवर चकरा माराव्या लागतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याआधीचा प्रश्न कुणीच काढत नाही. जो प्रवाह जमिनीत गळणार आहे, तो या ब्रेकरला दिसणार तरी आहे का?

मुळात असा वेगळा ब्रेकर लागतोच का, तिथून सुरुवात करू. महावितरणच्या लघुदाब जोडणीवर चालणाऱ्या बहुतेक इमारती स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर विसंबून असतात. समजा, दुकानातल्या डीप फ्रीझरची फेज वायर आतल्या पत्र्याला टेकली. प्रवाह पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीत, तिथून खड्ड्यात, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे आणि परत असा फिरतो. या सगळ्या वाटेचा रोध ५ ओहम धरला, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. आता त्या सर्किटवर ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर पडणारा नेहमीचा छोटा ब्रेकर, आहे. तो झटक्यात पडायला त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे किमान १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तापत बसेल. तासाभराने पडेल किंवा पडणारही नाही. त्या पाचातले ४ ओहम आपल्या खड्ड्याचे असतील, तर फ्रीझरचा पत्रा तेवढा वेळ १८४ व्होल्टवर उभा राहील. आणि ५ ओहम हा बरा खड्डा झाला. दख्खनच्या पठारावर दोन-चार फुटांखाली काळा पाषाण लागतो, कोकणात जांभा. एप्रिल-मेमध्ये मीठ-कोळशाच्या खड्ड्यात कुणी पाणी घातलं नाही की रोध कितीतरी वाढतो.

म्हणून आरसीसीबी, म्हणजेच तो अर्थ लीकेजचा ब्रेकर. बाजारात आजही बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या पोटात चुंबकीय मिश्रधातूचं एक कडं असतं आणि फेज व न्यूट्रल दोन्ही त्याच कड्यातून जातात. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला, तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं. थोडा प्रवाह वाटेत गळून जमिनीत गेला, की फरक उरतो, कड्यावरच्या बारीक गुंडाळीत व्होल्टेज तयार होतं आणि ब्रेकर पडतो. ३० मिलिअँपिअरच्या ब्रेकरने ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायचं असतं आणि १५० ला ४० मिलिसेकंदांत. खड्ड्याचा रोध शंभर ओहम झाला तरी त्याचं काम अडत नाही, कारण त्याला हवे असतात मिलिअँपिअर. मात्र फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी पकडणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण तिथे जमिनीत काही गळतच नाही.

आकड्यांचा अर्थही साधा आहे. ३० मिलिअँपिअर माणसासाठी. ३०० आगीसाठी : २३० व्होल्टला ३०० मिलिअँपिअर म्हणजे ६९ वॉट, आणि एवढी उष्णता धुळीने माखलेल्या, ओलसर केबलच्या एकाच ठिकाणी साचत राहिली तर पेट घ्यायला पुरते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीसाठी ३० आणि इतरांसाठी १०० ही कमाल मर्यादा घातली. (इंटरनेटवर वाचून कुणी ५ मिलिअँपिअरचा आग्रह धरला तर समजावं की माहिती अमेरिकन आहे, तिथली सॉकेटं साधारण तेवढ्यावर तुटतात.)

इथवर सगळं ठीक चालतं, कारण आपण गृहीत धरलंय की गळणारा प्रवाह एसी आहे, सेकंदाला पन्नास वेळा खाली-वर होणारा. कड्यावरच्या गुंडाळीत व्होल्टेज तयार होतं ते चुंबकत्व बदलतं म्हणून. सपाट डीसी, म्हणजे एकाच दिशेने सारखा वाहणारा प्रवाह, गळला तर चुंबकत्व एकाच जागी ठाण मांडून बसतं. ब्रेकर पडत नाही, हा त्यातला लहान धोका. मोठा धोका वेगळा आहे. त्या डीसीने कडं संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि मग खरोखरची एसी गळती झाली तरी ब्रेकर ढिम्म राहतो. तराजूच्या एका पारड्यात आधीच मणाचं वजन ठेवलं, तर दुसऱ्यात टाकलेल्या गुंजेने काटा हलत नाही, तसं.

सौर संचात डीसी तर पॅनेलपासूनच आहे. पॅनेलची डीसी वीज इमारतीसाठी एसी करणाऱ्या हल्लीच्या बहुतेक इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्याने वजन आणि किंमत कमी होते, कार्यक्षमता वाढते. पण पॅनेलची डीसी बाजू आणि इमारतीची एसी बाजू विजेच्या दृष्टीने एकमेकींना जोडलेल्या राहतात. डीसी बाजूला गळती झाली तर ती एसी बाजूच्या ब्रेकरमधून फिरू शकते.

आता तुमच्या मेन पॅनेलचं दार उघडा आणि आरसीसीबीच्या तोंडावर पाहा. ३० एमए (मिलिअँपिअर), ४० ए (अँपिअर) वगैरेच्या शेजारी एक छोटी चौकट असते. चौकटीत नुसतीच नागमोडी रेघ असेल, तर तो एसी प्रकारचा. त्याला फक्त साधी एसी गळती दिसते. नागमोडी रेघेखाली कापलेल्या अर्ध्या लाटा असतील, तर तो ए प्रकारचा. त्याला तुटक, धडकत येणारा डीसीही कळतो, पण सपाट डीसी त्याला सहा मिलिअँपिअरपर्यंतच सोसतो. एफ प्रकार एक फेजच्या इन्व्हर्टर एअर कंडिशनर, वॉशिंग मशीन अशा उपकरणांसाठी. त्याची सोसण्याची मर्यादा दहा मिलिअँपिअर. आणि चौकटीत एक सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ अशी जास्तीची खूण असेल, तर तो बी प्रकारचा. त्याला सपाट डीसीही ओळखता येतो. स्वस्त आणि सहज मिळतो तो एसी प्रकारचा, त्यामुळे सौर इन्व्हर्टरच्या पुढे तोच सापडण्याची शक्यता बरीच. बी प्रकार त्याच्या कित्येक पट महाग पडतो, म्हणून कोटेशनमध्ये आधी तो कापला जातो.

पण म्हणून प्रत्येक ठिकाणी बी लावलाच पाहिजे असं नाही. सौर संचांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं म्हणणं असं : इन्व्हर्टरच्या एसी बाजूला आरसीसीबी लावत असाल तर तो बी प्रकारचा असावा, मात्र मध्ये अलग गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असेल, किंवा आमच्या इन्व्हर्टरला बी प्रकाराची गरज नाही असं उत्पादकाने सांगितलं असेल, तर सूट. अनेक कंपन्या असं पत्र देतात, कारण इन्व्हर्टरच्या आतच गळतीवर पाळत ठेवणारी यंत्रणा असते. ३० केव्हीए क्षमतेपर्यंतच्या इन्व्हर्टरने सततची गळती ३०० मिलिअँपिअरच्या वर गेल्यास बंद व्हायचं, आणि कुणी तारेला हात लावल्यासारखी ३० मिलिअँपिअरची अचानक उडी दिसली तर ०.३ सेकंदात. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरकडे ब्रेकरच्या बिलाबरोबर हे पत्रही मागा. ते नेमक्या त्याच मॉडेलचं हवं.

आता सोलरवाल्याची बाजू. पावसाळ्यात ब्रेकर सारखा पडतो ही त्याची तक्रार खोटी नाही. काचेखालच्या सौर पेशी आणि बाहेरची जमिनीला जोडलेली ॲल्युमिनियमची चौकट मिळून एक मोठा कपॅसिटर होतो, म्हणजे खाली-वर होणाऱ्या व्होल्टेजला थोडा प्रवाह जाऊ देणारी जोडी. एका किलोवॅटमागे साधारण ५० ते १५० नॅनोफॅरड. एखाद्या दवाखान्यावरचा ५ किलोवॅटचा, एक फेजचा संच घ्या आणि किलोवॅटला १०० नॅनोफॅरड धरा. एकूण झाले अर्धा मायक्रोफॅरड. एक फेजच्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये पॅनेल साधारण अर्ध्या मेन व्होल्टेजने, म्हणजे ११५ व्होल्टने, पन्नास हर्ट्झवर हेलकावत असतात. गणित केलं तर काहीही बिघडलेलं नसताना गळतोय सुमारे १८ मिलिअँपिअर. आणि ३० चा ब्रेकर १५ च्या वर कधीही पडू शकतो, मानकच तशी मुभा देतं. काचेवर पावसाच्या पाण्याचा थर आला की कपॅसिटर आणखी वाढतो. म्हणून अनेक इन्व्हर्टर कंपन्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक इन्व्हर्टरमागे १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून मोठा ब्रेकर लावायला सांगितलेलं असतं. तिथे हट्टाने ३० चा लावला तर काय होतं? जुलैच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी वैतागून तो काढतो आणि वायरी डायरेक्ट जोडून टाकतो. माझ्या मते अतिसंवेदनशील ब्रेकरचा हाच खरा तोटा आहे.

इथवर झालं ते एसी बाजूचं. गच्चीवरच्या डीसी वायरींना एसी पॅनेलमधला कुठलाही ब्रेकर वाचवत नाही. शिवाय तिथे फ्यूजचं नेहमीचं तर्कशास्त्र लंगडं पडतं, कारण सौर पॅनेलचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह त्याच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा जेमतेम जास्त असतो, आणि सूर्य काही बंद करता येत नाही.

एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला एका मोठ्या दुकानाच्या छतावरचा ३८३ किलोवॅटचा संच पेटला. त्या काळी अमेरिकेत पॅनेलचा एक ध्रुव (धन किंवा ऋण टोक) मुद्दाम जमिनीला जोडत आणि त्या जोडणीत एक फ्यूज ठेवत. मोठ्या संचाला ५ अँपिअरपर्यंतचा. तिथे एक बारीक वायर आधीच धातूला टेकलेली होती. तिच्यातून गळणारा प्रवाह फ्यूज उडण्याइतका नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. मग दुसरीकडे जाड केबलला इजा झाली आणि मोठा फॉल्ट झाला. फ्यूज उडाला, आणि उडाला तेव्हा त्याने जमिनीशी असलेली मुद्दामची जोडणी तोडली. पण पहिली, न दिसलेली जोडणी शिल्लक होतीच. शेकडो अँपिअरना आता त्या बारीक वायरीतून वाट मिळाली. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट हॉलीलाही एका कारखान्याच्या छतावर असाच प्रकार घडला. पुढे २०१४ च्या अमेरिकी विद्युत संहितेने मुद्दाम जमिनीला जोडलेल्या वायरीतलाही फॉल्ट ओळखता आलाच पाहिजे, अशी अट घातली.

आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचात डीसीचा कुठलाच ध्रुव थेट जमिनीला जोडलेला नसतो. इन्व्हर्टर रोज सकाळी ग्रिडशी जोडण्याआधी पॅनेल आणि जमीन यांच्यातला रोध मोजतो. १००० व्होल्टच्या संचात तो ३३ किलोओहमच्या खाली आला, म्हणजे ३० मिलिअँपिअरहून जास्त गळू शकेल अशी वाट तयार झाली, तर त्याने सुरू व्हायचं नाही. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर 'इन्सुलेशन' किंवा 'आयएसओ' असा लाल संदेश येतो आणि दहा वाजता ऊन पडल्यावर आपोआप जातो, हा त्यातलाच प्रकार. बहुतेक लोक गेला म्हणून खूश होतात. कुठल्या तरी कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय किंवा माकडाने, उंदराने केबल कुरतडली आहे, आणि ही गळती अजून एकाच ठिकाणी आहे, तोवरच ती शोधायला हवी.

मोठ्या इमारतीत ब्रेकर एकाखाली एक उतरंडीने लावतात : मुख्य पॅनेलवर आगीसाठीचा ३०० मिलिअँपिअरचा, मुद्दाम उशिरा पडणारा एस प्रकारचा, आणि खाली सॉकेटच्या सर्किटांवर ३० चा. अख्ख्या दुकानाला एकच ३० चा दिला तर प्रत्येक संगणकाची, एलईडी ड्रायव्हरची बारीकसारीक गळती जमा होऊन तो विनाकारण पडतो. आगीच्या पंपावर मात्र पडणारं उपकरण नको. तिथे फक्त अलार्म देणारा मॉनिटर ठेवतात. हजार केव्हीएचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर मुख्य एसीबीमध्येच (मोठ्या एअर सर्किट ब्रेकरमध्ये) अर्थ फॉल्टचा वेगळा संरक्षक असतो, तो शेकडो अँपिअरवर चालतो आणि माणसाला नव्हे, पॅनेलला वाचवतो.

आणि आता पार्किंगमध्ये ईव्हीचे चार्जर येताहेत. चार्जरसाठी बी प्रकारचा ब्रेकर, किंवा ए प्रकार आणि जोडीला सहा मिलिअँपिअर डीसी ओळखणारी यंत्रणा असं मानक आहे. ते वाचून हौसेने बी प्रकार विकत आणतात आणि पार्किंगच्या जुन्या ए प्रकारच्या आरसीसीबीच्या खाली, त्याच्याच लाइनवर जोडतात. ३० मिलिअँपिअरचा बी प्रकार सपाट डीसीवर ६० मिलिअँपिअरपर्यंत थांबू शकतो. वरचा ए सहाच्या पुढे आंधळा होऊ लागतो, आणि त्याच ए वर पार्किंगमधला पाण्याचा पंप आणि वॉचमनच्या खोलीचं सॉकेट असतं. चार्जरची लाइन त्या ए च्या आधीच, मेनवरून वेगळी काढावी लागते.