तारणी व्यवहार आणि धनकोचा तारण हक्क (कायद्यासाठीच्या शिफारशी)

कर्ज देताना नुसत्या जामीनदाराच्या सहीवर न थांबता कर्जदाराच्या एखाद्या मालमत्तेवर हक्क ठेवायचा, आणि पैसे थकले तर ती विकून बाकी कर्ज देणाऱ्यांच्या आधी आपले वसूल करायचे, याला तारणी व्यवहार म्हणतात, आणि कर्ज देणारा तो धनको. जमीन-घराच्या गहाणाचे नियम जुने आहेत, आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. खरी गडबड होते जंगम मालमत्तेत, म्हणजे गोदामातला माल, मशिनरी, गाडी, उभं पीक, गिऱ्हाइकाकडून यायची उधारी.

याच जंगम मालमत्तेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने (सगळे अनसिट्रल म्हणतात) २००७ मध्ये एक मार्गदर्शक ग्रंथ मंजूर केला. देशोदेशीच्या कायदेमंडळांनी कायदा कसा करावा याच्या त्यात दोनशेच्या वर शिफारशी आहेत. पुढे २०१० ला बौद्धिक संपदेची पुरवणी, २०१३ ला नोंदणीची मार्गदर्शिका आणि २०१६ ला सरळ नमुना कायदाच आला. भारताने तो जसाच्या तसा घेतलेला नाही, पण त्यातल्या बऱ्याच कल्पना तुकड्यातुकड्यांनी इथे आल्यात.

पहिली मोठी शिफारस अशी की कागदावर काय नाव लिहिलंय ते बघू नका, व्यवहाराचं काम काय ते बघा. भाडेकरार म्हणा, हप्त्याने विक्री म्हणा, पैसे फिटेपर्यंत मालकी आपल्याकडे ठेवणं म्हणा, उद्देश कर्ज सुरक्षित करायचा असेल तर ते तारणच आणि नियमही तारणाचेच लागणार. शिफारस जंगम वस्तूंपुरती असली तरी ती का लागते हे सातारा-सांगलीच्या माणसाला मुदतखरेदीवरून लगेच कळतं. सावकार पैसे देतो, जमिनीचं साधं खरेदीखत करून घेतो आणि "पैसे आण, जमीन परत लिहून देतो" हे फक्त तोंडी, कारण परतीची अट त्याच दस्तात नसेल तर कायदा त्याला गहाण धरत नाही, १९२९ पासून हेच आहे. शेवटी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचे अधिकार जिल्हा निबंधकाला द्यावे लागले.

दुसरी शिफारस नोंदणीची, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. देशात एकच रजिस्टर असावं, त्यात अख्खा करारनामा न टाकता कर्जदार कोण, धनको कोण आणि तारण काय एवढीच सूचना टाकायची, कुणालाही ती बघता यावी, आणि आधी नोंद त्याचा आधी हक्क. आपल्याकडे मात्र दहा ठिकाणी दहा नोंदी. शेतीचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात, सोसायटीचा इकरार (कर्जासाठी सभासदाने जमिनीवर लिहून दिलेला बोजा) पण तिथंच (सहकार कायद्याचं कलम ४८), ट्रॅक्टरचं एचपी (कर्जाचा बोजा) आरसी बुकवर, कंपनीचा चार्ज (तिच्या मालमत्तेवरचा बोजा) कंपनी निबंधकाकडे. २०११ मध्ये सरसाय ही केंद्रीय नोंदणी सुरू झाली, एकाच फ्लॅटची कागदपत्रं दोन-तीन बँकांत ठेवून कर्ज उचलायचे प्रकार थांबावेत म्हणून, आणि २०१६ पासून तिथं माल, मशिनरी, येणी यांचं नजरगहाणही (ताबा न देता ठेवलेलं तारण) नोंदवता येतं. तरी शेजारच्या व्यापाऱ्याला उधार माल देण्याआधी सरसायवर सर्च मारणारा माणूस मार्केट यार्डात शोधून दाखवा.

आता माल कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न. १८७२ च्या करार कायद्यात मालतारणाला ताबा द्यावा लागतो, नजरगहाणात माल कर्जदाराकडेच राहतो. तासगावकडच्या बेदाण्याचं बघा, पंधरा किलोचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला लॉट नंबर टाकून लागतात, पावती मिळते आणि पावतीवर कर्ज. इथं ताबा तिसऱ्याकडे असल्यामुळं बँक निवांत असते. उलट हळदीच्या व्यापाऱ्याची सीसी (कॅश क्रेडिट, मालावर लागेल तशी उचल) असते तेव्हा माल त्याच्याच गोदामात, बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मिळतं आणि त्यावर डीपी (किती उचलता येईल ती मर्यादा) निघते, आता त्या कागदावरची पोती खरंच गोदामात आहेत का हे तपासणीला साहेब येईल तेव्हाच कळणार. हरिपूरच्या पेवांत तर हळद जमिनीखाली असायची, आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरून मालच गेला, म्हणजे तारणाचा विमा वेगळा बघावा लागतो. अनसिट्रलचं म्हणणं असं की रोजच्या धंद्यात सौद्यात माल घेणाऱ्याला तो मोकळा मिळावा, त्यानं तारणाची चौकशी करत बसू नये, धनकोचा हक्क विक्रीच्या पैशावर आपोआप सरकावा.

साखर कारखान्यांचं तारण हा या भागातला सगळ्यात मोठा प्रकार. गोदामातली साखर बँकेकडे तारण, पोत्याला बँक ठरवेल त्या मूल्यांकनाच्या ठराविक टक्के उचल, आणि त्यातूनच जुन्या कर्जाचं टॅगिंग (हप्त्यापोटी पोत्यामागे ठराविक रक्कम) कापून घेतात. साखरेचा दर पडला की उचल आणि मूल्यांकन यातलं अंतर आटतं, त्याला अपुरा दुरावा म्हणतात, आणि बँक पुढची उचल थांबवते. इकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असते, पण ऊस घातलेल्या शेतकऱ्याकडं तारण काहीच नसतं, त्यामुळं बिल थकलं की तो आंदोलन करतो आणि बँक शांत बसून असते.

वसुलीबाबत शिफारस अशी की धनकोला कोर्टाबाहेरही ताबा-विक्री करता यावी, पण सद्भावाने, व्यापारी रीतीला धरून आणि आधी नोटीस देऊन. आपला २००२ चा सरफेसी कायदा याच वाटेचा, कर्ज एनपीए (थकीत) झाल्यावर साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, हरकत असेल तर डीआरटी (कर्ज वसुली न्यायाधिकरण). शेतजमीन यातून वगळलेली आहे. सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो का यावर बरीच वर्षं वाद होता, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात येतो असं सांगून तो मिटवला. पतसंस्था मात्र बँक नसल्यामुळं सरफेसीबाहेरच, त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन वसुलीला जातात. आणि सरकारी थकबाकी आधी की बँक आधी, तर जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार सरसायला नोंद केलेली बँक करखात्याच्याही पुढं, आणि नोंदच नसेल तर सरफेसीची जप्तीसुद्धा करता येत नाही.