पंक्तिसेवेपासून मिशन हॉस्पिटलपर्यंत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, दूध नाही पेट्रोल नाही अशी सगळी अवस्था, तेव्हा आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही रोज दोन टाइम जेवण करत होतो. भात, आमटी आणि घराघरातनं आलेल्या भाकरी. पुराच्या पाण्यातनं बाहेर काढलेल्या एक मावशी दोन दिवस कोपऱ्यात बसून नुसत्या बघत होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी आमटी वाढणाऱ्या पोराचा हात धरून विचारलं, "काय रे बाळा, तुमच्यात हे असं सांगितलंय का कुठं, का आपलं मनानं करताय?" तो म्हणाला, "दोन्ही, मावशी," आणि बादली घेऊन पुढं गेला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण सांगितलंय तर आहेच, पण कुठनं सुरू झालं आणि आपल्या कोल्हापुरात कसं आलं हे आमच्याही बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं.

सुरुवात अगदी पंगतीपासनंच आहे. बायबलच्या नव्या करारात सेवेसाठी जो ग्रीक शब्द येतो, डायकोनिया, त्याचा एक जुना घरगुती अर्थ म्हणजे जेवणाऱ्यांना वाढणं. चर्चमध्ये 'डीकन' म्हणतात तो शब्द यातनंच आला. आणि मराठी बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात यासाठी काय सुंदर शब्द वापरलाय, पंक्तिसेवा!

तो अध्याय मुळात एका तक्रारीचा आहे. यरुशलेममध्ये पहिली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा समुदाय, जमली, सगळं एकत्र करून रोज गरजूंना अन्न वाटायचे, आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पंक्तिप्रपंच. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ती तक्रार दाबली नाही, मंडळीला सांगितलं की तुमच्यातले सात चांगले लोक निवडा आणि हे काम त्यांच्याकडं द्या. स्तेफन, फिलिप वगैरे त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्या बायकांना डावललं जात होतं, बहुतेक त्यांच्याच हातात वाढपाची पळी दिली. मला तर ख्रिस्ती सेवेच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कारण इथं नुसतं अन्न द्यायचा विषय नाही, पंगतीत कोण बसणार आणि वाढणार कोण हा विषय आहे. पुढं प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात फिबी नावाची बाई येते, तिलाही मंडळीची सेविका म्हणून हाच शब्द लावलाय.

नंतर तीनशे वर्षांत हे इतकं वाढलं की रोमन सम्राट ज्युलियन, जो स्वतः ख्रिस्ती धर्माच्या विरोधात होता, त्यानं इ. स. ३६२ च्या सुमाराला आपल्या पुरोहिताला पत्रात लिहिलं की हे लोक त्यांच्या गरिबांना तर पोसतातच वर आपल्याही गरिबांना पोसतात, आपल्याला लाज वाटली पाहिजे. विरोधकानं दिलेली साक्ष आहे ही. त्यानंतर काही वर्षांनी, ३६९ च्या आसपास, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया गावात मोठा दुष्काळ पडला, तिथं बासिल नावाचा पाद्री होता, पुढं तो बिशप झाला. धान्याची कोठारं दाबून बसलेल्या श्रीमंतांना त्यानं उपदेशातनं इतकं झापलं की कोठारं उघडली, आणि मग त्यानं डाळीच्या कालवणाच्या आणि खारवलेल्या मांसाच्या मोठमोठ्या कढया लावून भुकेल्यांना स्वतःच्या हातानं वाढलं, असं त्याच्या मित्रानं, ग्रेगरीनं, सांगून ठेवलंय. मग गावाबाहेर त्यानं आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरूंसाठी मोठी वसाहतच उभी केली, जगातल्या सुरुवातीच्या हॉस्पिटलांमध्ये तिचं नाव घेतात. आमटीच्या बादलीजवळ उभा असताना मला हाच बासिल आठवत होता.

मधली हजार-दीड हजार वर्षं इथं मावणार नाहीत. मठांमध्ये आजाऱ्यांची आणि पाहुण्यांची सोय व्हायची, सेवा करणाऱ्या सिस्टर्स आल्या (आपण नर्सला सिस्टर म्हणतो ते तिथलंच), आणि १८३६ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थला सेविकांना नर्सिंग शिकवायला सुरुवात झाली, तिथंच १८५१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकून गेली.

बरोबर त्याच काळात, १८५२ ला, रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. रेल्वे नाही, ओळख नाही, आणि साहेबानं शाळा काढली तर पोरं बाटतील ही लोकांना भीती. तरी त्यांनी शाळा काढल्या. १८७० मध्ये इथलं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळाकडं गेलं. शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या एस्तेर पॅटन यांचं नाव शाळेला आहे, आणि तिथं शिकलेल्या बायका आमच्यातच नाहीत तर सगळ्या समाजांत सापडतील.

पण आपल्या भागात घराघरात पोचलं ते मिरजेचं मिशन हॉस्पिटल. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये इकडं आले, १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उघडलं आणि १८९७ मध्ये तिथंच मेडिकल स्कूल काढलं, म्हणजे उपचार तर केलेच पण इथल्याच पोरांना शिकवून तयारही केलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ लाच सुरू झालेली, त्यामुळं पेशंटला गाडीत घालून मिरजेला न्यायची वाट आपल्याकडच्यांना कायमचीच माहीत झाली. कोल्हापुरात मेरी वानलेस हॉस्पिटल आहे ते त्यांच्या पत्नीच्या नावाचं.

इथं एक बोलायलाच पाहिजे. हे सगळं धर्मांतरासाठी होतं, असं मला तोंडावर विचारणारे मित्र आहेत. मिशनरी उपदेश करत होते आणि लोकांनी ख्रिस्ती व्हावं अशी त्यांची इच्छा होती, ते कुणी लपवलं नाही, मीही लपवणार नाही. पण औषध देताना अट घातली तर ती सेवा राहत नाही, हे मला मनापासून वाटतं, येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत (तो परक्या समाजातला, तरी मदतीला थांबला) रस्त्यावर पडलेल्या माणसाला कुणी जात-धर्म विचारलेला नाही. मिरजेला बरी होऊन आलेली हजारो घरं आजही आपापल्या देवधर्मात आहेत. आणि पंक्तिप्रपंच मोडायचं काम काही आमच्या एकट्याचं नाही, याच गावात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, तो कप माझ्या मते त्या सात जणांच्या पळीइतकाच मोठा. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला हेच केलं, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना घरी आणलं, नुसतं जेवू घातलं नाही, छापखान्यासकट कामं शिकवून पायावर उभं केलं.

मावशींच्या प्रश्नाचं मूळ उत्तर मात्र पंगतीच्याही आधीचं, येशूनं शिष्यांबरोबर केलेल्या शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं आहे. आपल्यात लग्नात जावयाचे पाय धुतात, वारकऱ्याचे धुतात, म्हणजे मानाच्या माणसाचे. त्या रात्री उलटं झालं, गुरू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला, जे काम तिकडं घरातल्या दासाचं होतं. त्यातला पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत.

आमच्या मंडळीत ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी हे अजून करतात. पुढं बारा खुर्च्या, एक घमेलं, कोमट पाण्याची बादली, टॉवेल. या वर्षी शेवटच्या खुर्चीत एक आजोबा होते, जन्मभर उसाच्या रानात राबलेले, टाचा भेगाळून काळ्या पडलेल्या. पाळक (आमचे पाद्री) खाली बसले तसे आजोबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, "नको साहेब, लई घाण हायत." पाळक काही बोलले नाहीत, घमेलं तेवढं पुढं सरकवलं आणि गुडघ्यावर तसेच थांबून राहिले. चर्चमध्ये एकदम शांत. बऱ्याच वेळानं आजोबांनी एक पाय पाण्यात ठेवला.