घरची परिस्थिती आणि मुलांचे गुण: या मोजणीचा इतिहास

घरची परिस्थिती मुलाच्या अभ्यासात उतरते, हे शिक्षकांना कुणी सांगावं लागत नव्हतं. पण त्याची प्रचंड प्रमाणावर मोजणी झाली ती १९६०च्या दशकात. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यात एक कलम होतं: वंश, वर्ण, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ यांमुळे शिक्षणाची समान संधी हुकते का, याची पाहणी करून दोन वर्षांत अहवाल द्या. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती घेतली. सोयी कमी म्हणून गुण कमी, असं सरळ उत्तर अपेक्षित होतं. १९६६मध्ये निघालं भलतंच. इमारत आणि खर्च यांपेक्षा घरची पार्श्वभूमी अन् सोबत शिकणाऱ्या मुलांची पार्श्वभूमी भारी ठरली.

मग ‘शाळेनं काही फरक पडत नाही’ असा बोभाटा झाला. तो अहवाल अर्धाच वाचणाऱ्यांनी केला, असं माझं मत. शिक्षकाच्या दर्जाचा संबंध अल्पसंख्य समाजांतल्या मुलांच्या यशाशी जास्त दिसतो, हेही त्यातच होतं. पुढे १९८३मध्ये हाइनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची आकडेवारी ताडून पाहिली. गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांचं पारडं जड निघालं.

त्याआधी वर्षभर संशोधक कार्ल व्हाइट यांनी जवळपास दोनशे अभ्यास एकत्र चाळले होते. आर्थिक-सामाजिक स्तर आणि गुण यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पुरता संबंध) शाळांच्या सरासरीवर काढला तर ०.७३ च्या घरात. एकेका मुलावर काढला तर जेमतेम ०.२२. म्हणजे वस्तीवरून शाळेचा निकाल बराचसा ओळखता येतो, समोरच्या मुलाचा नाही. ही गोष्ट आजही बातम्यांत सर्रास विसरली जाते.

भावंडांची संख्या, जन्मक्रम, मुलगा की मुलगी, यांवरही ढीगभर लिहिलं गेलं. २०००च्या पहिल्या ‘पिसा’ चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) वाचनात सगळ्याच देशांत मुली पुढे होत्या.

याच चाचणीच्या प्रश्नावलीत घरी किती पुस्तकं आहेत, असं विचारलं होतं. सोबत सूचना: मीटरभर फळीवर साधारण ४० पुस्तकं मावतात, मासिकं धरू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला वडिलांचा पगार ठाऊक नसतो, पण घरातली फळी त्याला दिसते. वाचन मोबाइलवर गेल्यापासून मात्र हे मापही डळमळीत झालं आहे.