पाच ग्रॅमची रेघ

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. दिवसाला साखर किती चालते, नेहमीच्या खाऊत ती किती असते, जास्त झाली तर काय होते आणि तिच्याऐवजी काय घ्यावे, हे मुलांच्या नजरेस पडेल असे लिहायचे. परिपत्रकातले आकडे काळजीचे आहेत. 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी 13 टक्के साखरेतून येतात, 11 ते 18 वयोगटात 15 टक्के. असायला हव्यात 5 टक्के.

हे 5 टक्के किती ते बघू. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 कॅलरी लागतात. त्यातल्या 85 साखरेच्या. एका ग्रॅमला 4 कॅलरी, म्हणजे 21 ग्रॅम, चहाचे पाच सपाट चमचे. कोलाच्या 300 मिलिलिटरमध्येच 32 ग्रॅमच्या आसपास साखर असते. शिवाय पेयातून गेलेल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे पुढचे जेवण त्या मानाने कमी होत नाही. मूल फलक वाचते आणि मधल्या सुट्टीत तीच बाटली घेते, कारण दुकानात तीच आहे. म्हणून फलकाइतकेच लक्ष बाटलीच्या आतल्या मालाकडे द्यायला हवे, आणि त्यासाठी ब्रिटनने साखरेच्या पेयांवर लावलेल्या कराची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

हा कर मार्च 2016 मध्ये जाहीर झाला आणि 6 एप्रिल 2018 रोजी लागू झाला. तो पिणाऱ्याकडून नव्हे, तर उत्पादक आणि आयातदाराकडून घेतला जातो. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही. 5 ते 8 ग्रॅमच्या आत लिटरमागे सुरुवातीला 18 पेन्स होते, 8 आणि त्यापुढे 24 पेन्स. कारखानदाराच्या जागी बसून हिशेब करा. साखर 10 वरून 9 ग्रॅमवर आणली तर चव बिघडण्याचा धोका आहे आणि कर तेवढाच. 8.1 वरून 7.9 केली तर 6 पेन्स सुटले. पण 5.1 वरून 4.9 वर आणली की लिटरमागचे सगळे 18 पेन्स वाचतात. म्हणजे खरा फायदा रेघेच्या खाली उतरण्यात आहे. फँटा 6.9 वरून 4.6 वर आला, स्कॉटलंडचे लाडके अर्न-ब्रू 10.3 वरून 4.7 वर. कंपन्यांना पाककृती बदलायला दोन वर्षे मिळाली होती, हेही तितकेच महत्त्वाचे. उद्यापासून कर म्हटले असते तर त्यांनी किंमत वाढवून मोकळे व्हायचे ठरवले असते. मूळ कोका-कोलाने मात्र साखर कमी केली नाही, कर भरला. कराच्या कक्षेतल्या पेयांतली सरासरी साखर 2015 ते 2019 या काळात 40 टक्क्यांहून जास्त घटली. ज्याला कराचे नावही ठाऊक नाही त्या मुलाच्या पोटातही कमी साखर गेली.

परिणाम? 10-11 वर्षांच्या मुलींमध्ये स्थूलपणाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी दिसले. मुलग्यांमध्ये फरक दिसला नाही. अडचणीही आल्या. मधुमेही माणसे रक्तातली साखर एकदम घसरली की लुकोझेड हे ग्लुकोजचे पेय प्यायची. त्यातली साखर कमी झाल्यावर जुन्या मापाने पिणे धोक्याचे ठरले आणि त्यांना मापे नव्याने शिकवावी लागली. शंभर टक्के फळांचा रस आणि दुधाची पेये कराबाहेर राहिली. साखरेच्या जागी कृत्रिम गोडवा आला, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तो वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले. चव गोडच राहिली, ही या रचनेतली खरी उणीव. दक्षिण आफ्रिकेने टप्पे न ठेवता 4 ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमवर कर लावला. त्यात रेघेशी अडून बसायला जागा नाही. 10 वरून 9 वर आले तरी फायदा होतो.

आता आपल्याकडे पाहा. सप्टेंबर 2025 पासून सोड्याच्या गोड पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. दर भरपूर, पण साखर 11 ग्रॅम असो वा शून्य, तो सारखाच, मग कंपनीने साखर का कमी करावी? त्याच फेरबदलात सोडा नसलेली फळांच्या रसाची पेये 12 वरून 5 टक्क्यांवर आली, बिस्किटे आणि चॉकलेट 18 वरून 5 वर. आंब्याचे चित्र असलेल्या बाटलीतही साखर भरपूर असते. ‘नैसर्गिक’ म्हणून गूळ-मध मोजायचेच नाहीत, हाही तसाच भ्रम. शरीराच्या लेखी गूळ ही बहुतांशी साखरच.

‘आमचा तर किडकिडीत आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजली. वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये 3.5. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र बरीचशी टिकून होती. म्हणून नुसता वजनकाटा पुरत नाही. कंबरेचे माप घेऊन ते उंचीच्या निम्म्याहून कमी आहे ना, हेही पाहावे.

शाळेच्या पातळीवर सरकारी नियम आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमानुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि आवारापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. टपरी साठाव्या मीटरवर गेली की नियम संपला. त्यामुळे पालक-शिक्षक संघाने एक काम हाती घ्यावे: पिण्याचे पाणी. जर्मनीतल्या डॉर्टमुंड आणि एसेन शहरांत गरीब वस्त्यांतल्या 32 प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. काही शाळांत पाणी पिण्याचे कारंजे बसवले, मुलांना बाटल्या दिल्या, पाण्याविषयी चार तासिका घेतल्या, रोज सकाळी बाटली भरून घेण्याची शिक्षकांना सूचना केली. वर्षभरात वजन जास्त असण्याचा धोका इतर शाळांपेक्षा 31 टक्क्यांनी कमी झाला.

आपल्याकडे हे फसते ते नळाशी. टाकी उन्हात असेल तर पाणी कोमट, फिल्टर वेळेवर बदलला नाही तर वास, नळ एकच असेल तर सुट्टी रांगेत जाते, आणि मूल बाटलीबंद गोडाकडे वळते. टाकी सावलीत हवी, फिल्टर बदलल्याची तारीख नळावरच लिहिलेली हवी, तोट्या लहान मुलांच्या उंचीला हव्यात आणि बाटल्या भरण्याची वेळ पहिल्या तासाच्या आधी ठरलेली हवी.